यजमानांची नावं



 एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेतला आजचा विषय आपण पत्रिकेत वाचलाच असेल: पाश्चात्त्य प्रवासी आणि तिबेटी माणसं. गेल्या चारशे वर्षांत पोर्तुगीज, इटालियन, स्कॉटिश, हंगेरियन, फ्रेंच, इंग्रज, स्वीडिश, ऑस्ट्रियन अशा नाना देशांची माणसं हिमालय ओलांडून त्या पठारावर गेली. परत आली ती बहुतेक पुस्तक घेऊनच. त्या पुस्तकांवर मोठमोठी ग्रंथालयं उभी राहिली.

ही पुस्तकं वाचताना मला दोन तिबेट दिसत राहतात. एक तिबेट घाणेरडा, अंधश्रद्धाळू, लामांच्या टाचेखाली पिचलेला. दुसरा तिबेट दिव्य आणि गूढ, जिथे माणसं हवेत तरंगतात आणि म्हातारी होत नाहीत. पहिला तिबेट सैन्य पाठवायला उपयोगी पडला, दुसरा कादंबऱ्या विकायला. पण त्या पठारावर राहणारी खरी माणसं कुठे आहेत? ज्यांनी या पाहुण्यांना घरात घेतलं, लोण्याचा चहा दिला, भाषा शिकवली, ती माणसं कुठे आहेत? म्हणून आज प्रत्येक प्रवाशाच्या बाबतीत मी दोनच प्रश्न विचारणार आहे. त्याचा यजमान कोण होता? आणि पाहुणा परत गेल्यावर त्या यजमानाचं काय झालं?

सुरुवात आपल्या जवळून, गोव्याच्या पाद्र्यांपासून करू.

१६२४ मध्ये आंतोनियु द आंद्रादे हा पोर्तुगीज जेझुइट आग्र्याहून निघाला. त्याने बद्रिनाथच्या यात्रेकरूंच्या जथ्यात हिंदू यात्रेकरूच्या वेषात प्रवेश मिळवला. पुढे माना खिंडीत बर्फाने त्याची दृष्टी काही काळ गेली, हातपाय बधिर झाले. तशाच अवस्थेत तो पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापारांगला पोहोचला. हिमालयापलीकडे विसरलेले ख्रिस्ती सापडतील, अशी त्याची समजूत होती. ते सापडले नाहीत. सापडला तो एक उदार राजा. त्याने या अनोळखी माणसाला मान दिला, परत ये म्हणून सांगितलं आणि तो परतल्यावर राजधानीत चर्च बांधू दिलं. आंद्रादेचं पत्र १६२६ मध्ये लिस्बनमध्ये छापलं गेलं आणि युरोपभर गाजलं.

आता दुसरा प्रश्न विचारा. राजाचं काय झालं? परक्या धर्मगुरूंवरची त्याची मर्जी तिथल्या भिक्षूंना सहन झाली नाही. राज्यात फूट पडली आणि १६३० च्या सुमारास लडाखच्या राजाने गुगे जिंकून घेतलं. राजा कैदी झाला, राज्य संपलं. या पतनाची कारणं अनेक आहेत, पण पाद्र्यांना दिलेला आश्रय हे त्यांतलं एक मानलं जातं. आंद्रादे तोवर गोव्याला परतून आपल्या संघाचा प्रांतप्रमुख झाला होता. १६३४ मध्ये गोव्यातच विषप्रयोगाने त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी आणखी एक जेझुइट गोव्याच्या बंदरात उतरला. इप्पोलितो देसिदेरी, इटलीतल्या पिस्तोइयाचा, वय अठ्ठावीस. या माणसाविषयी मला विशेष आदर आहे, तो का ते सांगतो. १७१६ च्या मार्चमध्ये तो लडाखमार्गे ल्हासाला पोहोचला. त्या वेळी ल्हासात ल्हाझांग खान या मंगोल राजाची सत्ता होती. देसिदेरीने ख्रिस्ती धर्माची महती सांगणारं पुस्तक तिबेटीत लिहून खानाला अर्पण केलं. खानाने ते वाचलं आणि जे सुचवलं, त्याला मी इतिहासातल्या सुजाण उत्तरांपैकी एक मानतो. लामांशी वाद घालायचा असेल तर आधी आमचे ग्रंथ शिक, असं त्याने सांगितलं. त्याने नुसतं सांगितलं नाही, मठाची दारंही उघडून दिली.

आपण हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. आपला धर्म खोटा ठरवायला आलेल्या माणसाला सेरा या महाविद्यापीठात राहायला जागा मिळते. त्याला ग्रंथालय खुलं होतं. भिक्षूंच्या वादसभांत तो बसतो. शून्यता म्हणजे काय, हे त्याला तिथले विद्वान तासन्‌तास समजावून सांगतात, आणि तेही हा आपलं खंडन करणार हे ठाऊक असताना. त्या काळातल्या युरोपात अशी वागणूक एखाद्या बौद्ध भिक्षूला मिळाली असती का? रोममध्ये? लिस्बनमध्ये? गोव्यात तर इन्क्विझिशन चालू होतं.

देसिदेरीने या विश्वासाचं चीज केलं. पुनर्जन्म आणि शून्यता यांचं खंडन करणारे ग्रंथ त्याने तिबेटी भाषेत, तिबेटी न्यायशास्त्राच्या पद्धतीने लिहिले. त्याचं मत बदललं नाही, पण खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण समजून घ्यायला हवं, ही शिस्त त्याने पाळली. इतक्यात १७१७ च्या अखेरीस झुंगार मंगोलांनी ल्हासा घेतलं आणि ल्हाझांग खान मारला गेला. देसिदेरी दाक्पो प्रांतात गेला आणि तिथेही लिहीत राहिला. शेवटी तिबेट हे क्षेत्र कापुचिन पंथाला दिलं आहे, या कारणावरून त्याला परत बोलावण्यात आलं. रोममध्ये दोन पंथांचा खटला चालला, निकाल त्याच्या विरुद्ध गेला आणि १७३३ मध्ये तो वारला. तिबेटचं वर्णन करणारं त्याचं मोठं हस्तलिखित जवळपास दीडशे वर्षं अंधारात पडून राहिलं, ते १८७५ मध्ये सापडलं. तिबेटविषयी सर्वांत जाणतेपणाने लिहिणाऱ्या युरोपियनाचं तोंड युरोपनेच बंद केलं होतं. त्याच्या जागी गैरसमज भरले गेले, ते पुढच्या अनेकांना भोवले.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. पाद्र्यानंतर आला व्यापारी.

१७७४ मध्ये कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे तिबेटहून एक पत्र आलं. पाठवणारे होते ताशी ल्हुन्पो मठाचे पंचेन लामा, लोबसांग पाल्देन येशे. ईस्ट इंडिया कंपनीची भूतानशी लढाई झाली होती आणि तिच्यात लामांनी मध्यस्थी केली होती. हे पत्र आणणाऱ्यांत होता एक हिंदू संन्यासी, पूरणगीर गोसावी. दशनामी पंथाचा हा तरुण यात्रा आणि व्यापार अशा दोन्ही निमित्तांनी हिमालयाच्या अल्याडपल्याड हिंडत असे. हेस्टिंग्जने ही संधी साधून जॉर्ज बोगल या सत्तावीस वर्षांच्या स्कॉटिश कारकुनाला पूरणगीरबरोबर तिबेटकडे पाठवलं. शालीच्या लोकरीच्या शेळ्या आण, बियाणं आण आणि जिथे मुक्काम पडेल तिथे बटाटे लाव, अशा सूचना दिल्या. बोगलने भूतानमध्ये बटाटे खरोखरच लावले.

बोगल आणि पंचेन लामा यांची भेट ही या चार शतकांतली मला सर्वांत प्रिय भेट आहे. दोघांत दुभाष्याची गरज पडली नाही, कारण लामांना हिंदुस्थानी येत होती आणि ती ते आईकडून शिकले होते. तिबेटचा एक महान धर्मगुरू आणि स्कॉटलंडचा एक तरुण हिंदुस्थानीत गप्पा मारत आहेत, हे चित्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत का नाही? विषय काय? युरोपातले देश, रशिया, चीन, धर्म, व्यापार. लामा विचारत होते आणि बोगल सांगत होता. लामांच्या पुतण्यांशी आणि पुतणींशी त्याची मैत्री जमली. निरोप घेताना या साध्या, प्रामाणिक लोकांच्या सुखाला आपल्यासारख्यांचा स्पर्श न होवो, अशा अर्थाची प्रार्थना त्याने आपल्या लेखनात केली. कंपनीचा नोकर हे लिहितो, हे लक्षात घ्या.

आणि पाहुण्यासारखंच यजमानानेही लिहिलं. १७७५ मध्ये, बोगल परत गेला त्याच वर्षी, पंचेन लामांनी शंभला या पुराणप्रसिद्ध देशाच्या वाटेवर एक ग्रंथ रचला. त्यात हिंदुस्थानाविषयी त्यांनी गोळा केलेली माहितीही आहे. म्हणजे बोगल आपल्या वहीत तिबेट लिहीत होता, तेव्हा त्याचे यजमानही जग समजून घेत होते. हे आपण सहसा विसरतो. पाहणारा गोरा आणि पाहिला जाणारा तिबेटी, अशी जी विभागणी आपल्या मनात बसली आहे, ती पहिल्यापासूनच चूक आहे.

ल्हासाच्या कारभाऱ्यांनी मात्र बोगलला राजधानीत येऊ दिलं नाही. फिरंगी आधी व्यापारी म्हणून येतात आणि मग राज्य घेतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. प्लासीला सतरा वर्षं झाली होती. त्यांची शंका चुकीची होती का?

पुढे १७८० मध्ये चीनच्या बादशहाच्या भेटीला गेलेले पंचेन लामा बीजिंगमध्ये देवीच्या रोगाने वारले. बोगल पुढच्याच वर्षी कलकत्त्यात वारला. पूरणगीर लामांबरोबर बीजिंगला जाऊन आला होता. लामांच्या इच्छेनुसार हावड्याजवळ घुसुडीला हुगळीच्या काठी मठ बांधला गेला होता, भोट बागान. तिथे तो राहिला आणि १७९५ मध्ये दरोडेखोरांशी लढताना मारला गेला. त्याची समाधी तिथे आहे. तिबेटला गेलेल्या इंग्रजांची नावं पाठ असणाऱ्या किती जणांना या गोसाव्याचं नाव ठाऊक आहे? त्याने वाट दाखवली नसती तर बोगल भूतानमध्येच अडकला असता.

या ओघात अलेक्झांडर चोमा या हंगेरियनाची आठवण काढायलाच हवी. आपल्या लोकांचं मूळ शोधायला तो पायी निघाला आणि १८२३ मध्ये झंस्कारला एका मठातल्या लहानशा खोलीत बसला. हिवाळ्यात विस्तव नाही, समोर हजारो पानं आणि शेजारी सांग्ये फुंत्सोग नावाचा लामा. तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण १८३४ मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं, ते या दोघांच्या श्रमाचं फळ होतं. चोमा १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारला. कोशाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव चोमाचंच आलं आणि लामाचं मदतनीस म्हणून, पण चोमा आपल्या गुरूला कधी विसरला नाही. मुखपृष्ठावरच्या नावांचा हा प्रश्न आज पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवा.

आता तिसरा मुद्दा, आणि तो आपल्याला बोचणारा आहे.

एकोणिसाव्या शतकात तिबेटची दारं बंद झाली. बंद का झाली? तिबेटी माणूस स्वभावाने एकलकोंडा होता म्हणून नव्हे. भोवताली नेपाळ, सिक्कीम, लडाख आणि पंजाबमध्ये काय चाललं आहे ते ल्हासा पाहत होतं आणि चिनी दरबारही दार लावून घ्या असं सांगत होता. मग दारातून जाता येईना, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातली माणसं आत पाठवली. कुमाऊंच्या मिलम गावचे नैनसिंह रावत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. त्यांनी पावलांनी वाट मोजली आणि ल्हासाचं स्थान आणि उंचीही ठरवली. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण जपमाळ आणि प्रार्थनाचक्र ही तिबेटी माणसाच्या श्रद्धेची साधनं होती आणि त्यांच्याच आडून त्याच्या देशाचा नकाशा काढला गेला, हेही मला सांगायला हवं.

त्यानंतर शरच्चंद्र दास गेले. दार्जिलिंगच्या भोटिया शाळेचे मुख्याध्यापक, प्रकांड विद्वान, आणि इंग्रज सरकारसाठी माहिती गोळा करणारे. १८७९ मध्ये आणि पुन्हा १८८१-८२ मध्ये ते ताशी ल्हुन्पोला राहिले. त्यांना घरी ठेवून घेणारे होते सेंगचेन लामा, तिथले मोठे विद्वान. सेंगचेन लामांना पाश्चात्त्य विज्ञानाची विलक्षण ओढ होती. जग कसं चालतं हे जाणून घ्यायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी या बंगाली पाहुण्याला घर दिलं, ग्रंथ दिले, ल्हासापर्यंतची वाट मोकळी करून दिली.

दास सुखरूप परतले. ते कोण होते हे ल्हासाला नंतर कळलं. सेंगचेन लामांना अटक झाली, चाबकाचे फटके बसले आणि १८८७ मध्ये त्यांना नदीत बुडवून मारण्यात आलं. त्यांचा पुनर्जन्म शोधायलाही बंदी घातली गेली. दासांना मदत करणारा फाला घराण्याचा सरदार आणि त्याची पत्नी तुरुंगात गेले, नोकरांचे हाल झाले. दास दार्जिलिंगला राहिले, त्यांचा तिबेटी कोश १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही वापरला जातो.

श्रोतेहो, शिक्षा देणारं ल्हासाचं सरकार होतं आणि ती शिक्षा क्रूर होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या ज्ञानप्रेमी माणसाला त्या नदीपर्यंत कोणी नेलं? ज्याने विश्वास टाकला तो गेला आणि ज्याने तो विश्वास वापरला त्याचा सन्मान झाला. तिबेटविषयीच्या आपल्या ज्ञानाची ही किंमत आहे आणि ती दुसऱ्या कोणीतरी दिली आहे.

यानंतर १९०४. पावलं मोजून काढलेल्या नकाशावरून सैन्य चालत गेलं. तिबेटात रशियाचा शिरकाव झाला आहे, या संशयाने लॉर्ड कर्झनने फ्रान्सिस यंगहजबंडला पाठवलं. ३१ मार्चला गुरू या खेड्याजवळ तिबेटी शिपाई एका भिंतीआड उभे होते. तोड्याच्या बंदुका, तलवारी आणि गळ्यात गोळीपासून रक्षण करणारे ताईत. त्यांची हत्यारं काढून घेण्याचा प्रयत्न झाला, झटापट झाली आणि मॅक्झिम मशीनगन सुरू झाल्या. काही मिनिटांत सहाशेहून अधिक तिबेटी ठार झाले. ते पळाले नाहीत, मान खाली घालून हळूहळू चालत निघून गेले आणि चालताना पडत राहिले, असं पाहणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. मॅक्झिम चालवणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्या संहाराची शिसारी आली. गोळ्या झाडणारे बहुसंख्य शिपाई मात्र आपले होते, शीख आणि गुरखे. ही लढाई केवळ पाश्चात्त्यांच्या खात्यावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

त्यानंतरची एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. त्याच इंग्रज फौजेच्या डॉक्टरांनी जखमी तिबेट्यांवर उपचार केले. ते जखमी चकित झाले. आधी गोळी घालायची आणि मग पट्टी बांधायची, हे त्यांना समजेना. मलाही ते अजून समजलेलं नाही. ऑगस्टमध्ये फौज ल्हासाला पोहोचली. रशियन कुठेच नव्हते. ७ सप्टेंबरला पोताला प्रासादात तहावर शिक्के बसले आणि मार खाल्लेल्या देशावर पंचाहत्तर लाख रुपयांचा दंड बसला, जो पुढे पंचवीस लाखांवर आणला गेला. मोहिमेबरोबर गेलेल्या वॉडेल या अधिकाऱ्याने गोळा केलेली हस्तलिखितं ब्रिटनच्या ग्रंथालयांत वाटली गेली. आणि निघताना? गांदेन मठाच्या प्रमुखांनी यंगहजबंडला बुद्धाची एक लहानशी मूर्ती भेट दिली. ती त्याने जन्मभर जपली आणि पुढे धर्मांच्या ऐक्याचं काम केलं. त्याच्या मनाला शांती मिळाली असेल, पण गुरूच्या माळावर पडलेल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुठल्या इंग्रजी पुस्तकात नाहीत.

दिव्य तिबेटाबद्दल मी फार बोलणार नाही. जेम्स हिल्टनने १९३३ मध्ये ‘लॉस्ट होरायझन’ कादंबरीत शांग्री-ला नावाचा प्रदेश कल्पिला आणि २००१ मध्ये चीनने युन्नानमधल्या एका जिल्ह्याला पर्यटनासाठी तेच नाव दिलं. सिरिल हॉस्किन या इंग्रजाने लोबसांग राम्पा बनून ‘द थर्ड आय’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. तिबेटला कधीही न गेलेल्या माणसाचं ते पुस्तक लाखांनी खपलं, लबाडी उघड झाल्यावरही खपत राहिलं आणि आपल्याकडेही श्रद्धेने वाचलं गेलं. त्या काळात कोणी खऱ्या तिबेट्याला बोलावून विचारलं असतं, तर हे सोंग दोन दिवसही टिकलं नसतं. आलेक्सांद्रा दाव्हिद-नील ही मात्र वेगळी. तिबेटी जाणणारी ही फ्रेंच विदुषी १९२४ मध्ये भिकारणीच्या वेषात ल्हासाला पोहोचली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. तिच्या धैर्याची कथा जगाने वाचली. सिक्कीमचा तरुण लामा योंगदेन तिचा मुलगा म्हणून सोबत चालत होता. त्याच्याशिवाय ती वाट तिला पार करता आली नसती.

आता हाइनरिश हारर. त्याची कथा तर अहमदनगरला स्पर्श करून जाते. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच पकडला गेला आणि त्याला आधी अहमदनगरच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे देहरादूनच्या छावणीतून तो १९४४ मध्ये पळाला आणि सहकैदी पेटर आउफश्नायटरबरोबर चांगथांगचं थंड पठार तुडवत १५ जानेवारी १९४६ ला ल्हासात शिरला. अंगावर चिंध्या, हातात परवाना नाही, परक्यांना मनाई असलेलं शहर. थांगमे नावाच्या एका सरदाराने त्यांना आपल्या घरात घेतलं. पुढे सरकारने कामं दिली, पगार दिला. आउफश्नायटरने कालवे खणले, नदीला बांध घातले. हाररने किशोरवयीन दलाई लामांना इंग्रजी आणि भूगोल शिकवला. १९५० च्या अखेरीस चिनी सैन्य येताच तो निघून गेला.

१९९७ मध्ये त्याच्या पुस्तकावर मोठा चित्रपट निघाला, त्याच सुमारास तो एके काळी नाझी पक्षाच्या एसएसचा सदस्य होता हे उघडकीस आलं. अनेकांना धक्का बसला. मला मात्र त्यातून एक गोष्ट ठळक दिसते. तो कोण, कुठल्या पक्षाचा, हे थांगमेने विचारलं नाही. थंडीने गारठलेली दोन माणसं दारात उभी आहेत, एवढंच त्याने पाहिलं. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ या पुस्तकाचा खरा नायक माझ्या दृष्टीने तो यजमान आहे.

शेवटचा मुद्दा. तिबेट्यांनी पाश्चात्त्यांकडे कसं पाहिलं?

त्यांनी पाहिलं आणि लिहिलंही. १८२० ते १८३० च्या दरम्यान बीजिंगमध्ये राहणारे लामा त्सेनपो नोमोनहान यांनी तिबेटीत जगाचा भूगोल लिहिला. त्यात युरोप आहे. १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी चार तिबेटी मुलांना इंग्लंडमध्ये रग्बी शाळेत पाठवलं. त्यांतला रिंगांग वीज अभियांत्रिकी शिकून परतला आणि त्याने ल्हासाला वीज आणली. अमदोचे बंडखोर विद्वान गेंदुन चोफेल १९३४ मध्ये राहुल सांकृत्यायनांबरोबर हिंदुस्थानात आले आणि बारा वर्षं इथे राहिले. युरोपच्या विज्ञानाचं कौतुक आणि त्याच्या साम्राज्यशाहीची कठोर चिकित्सा त्यांनी एकाच ग्रंथात केली. बौद्ध धर्माचा इतिहास सांगणारा ‘देबथेर ङोन्पो’ हा पंधराव्या शतकातला ग्रंथ इंग्रजीत आणण्याच्या कामात ते जॉर्ज रोरिक यांच्या बरोबरीने राबले. तो अनुवाद १९४९ पासून प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव रोरिक यांचं. गेंदुन चोफेल यांचा उल्लेख प्रस्तावनेत. ते स्वतः तोवर ल्हासाच्या तुरुंगात जाऊन आले होते आणि १९५१ मध्ये, आयुष्याची पन्नाशी गाठण्याआधी, वारले.

चोमाच्या लामापासून गेंदुन चोफेलपर्यंत शंभरहून अधिक वर्षं गेली आणि तिबेटी माणूस मदतनीसच राहिला. माझ्या मते या चार शतकांच्या भेटीगाठींतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. गोळ्या थांबतात, दंड फिटतो, पण दुसऱ्याने लिहिलेल्या तुमच्या प्रतिमेतून बाहेर पडायला पिढ्या लागतात. १९५९ नंतर निर्वासित झालेले तिबेटी स्वतःची आत्मचरित्रं लिहू लागले, तेव्हा जगाला त्यांच्याकडून शांग्री-लाच हवं होतं.

संयोजकांना आणि आपल्याला एक विनंती करून मी थांबतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ पासून आहे, आपल्या महाराष्ट्रात आहे. १९५९ नंतर हिमालय ओलांडून आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम आपल्या विद्यापीठांनी आणि तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावं, आणि त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावाने मराठीत छापावं. हे काम पुढच्या पाच वर्षांत झालं नाही तर ते कधीच होणार नाही. आणि या व्याख्यानमालेने पुढच्या वर्षी तिबेटवर बोलायला माझ्यासारख्याला नव्हे, नॉर्ग्येलिंगच्या एखाद्या रहिवाशाला बोलवावं.